थुंकलेले घोट

पुंडलिक,

बारा वर्षं तू माझ्यासमोर बसून थुंकत होतास आणि मला त्याचं केवढं कौतुक होतं! गोड वाईनचा घोट तोंडात घ्यायचास, डोळे मिटायचास, या गालातून त्या गालात फिरवायचास आणि मग पायाशी ठेवलेल्या राखेच्या डब्यात टाकून द्यायचास. मी घरी बायकोला, शैलाला सांगायचो, "आपला पुंड्या अस्सल चाखणारा आहे. परदेशातले जाणकार असेच थुंकतात." ती म्हणायची, "वर्ध्यात थुंकणाऱ्याचं काय कौतुक? सारा जिल्हाच खर्रा खाऊन थुंकते." मी तिला अडाणी म्हणायचो. आता अडाणी कोण ठरलं ते बघ.

परवा तुझी तेरवी झाली. तुझ्या फोटोसमोर मी बराच वेळ बसलो होतो, पण बोलता आलं नाही, माणसं होती. म्हणून आता घरी येऊन लिहितोय. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलोय. तू असतास तर आंजीला येऊन तुझ्या मळ्यात, तुझ्याच वांग्यांच्या ओळीत उभा राहून तुला शिव्या दिल्या असत्या.

पहिली बाटली आठवते? मिलिंद नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि पहिल्या सुट्टीत येताना माझ्यासाठी फ्रान्सची सोतर्न नावाची गोड वाईन घेऊन आला. त्याच वर्षी मी कॉलेजातून निवृत्त झालो होतो. सदतीस वर्षं फळ्यावर किण्वनाची समीकरणं लिहिली, साखरेचं अल्कोहोल करून दाखवलं, पण ते समीकरण जिभेवर कधी घेतलं नव्हतं. घ्यायचं कुठे? आपला जिल्हा दारूबंदीचा. ज्याला प्यायची असते तो नदीपलीकडे जातो, नाहीतर गुपचूप काहीतरी भयंकर पितो. मिलिंदनं पोराच्या भाबडेपणानं ती बाटली कपड्यांत गुंडाळून आणली. बाबांना गोड आवडतं, एवढाच त्याचा विचार.

ती पहिली बाटली मी दोन दुपारींत एकट्यानं संपवली. मग तुला सांगितलं. तू फक्त विचारलंस, "दार लावून बसलता का बे?" मी हसून हो म्हणालो. शेजारीपाजारी काय म्हणतील, दार लावायलाच हवं. तेव्हा मला तुझ्या प्रश्नात काही दिसलं नाही.

पुढच्या खेपेला दोन बाटल्या आल्या. तू स्वतः वर्ध्याला आलास, कोथिंबिरीच्या पोत्यात घालून त्या आंजीला नेल्यास. "तुह्या घरी गरमीनं खराब होतीन," म्हणालास. मळ्यातल्या खोलीत, जिथे तू आल्याचं बेणं ठेवायचास, तिथे जमिनीत रांजण पुरलेला होता. त्यात ओली रेती भरलीस आणि बाटल्या मानेपर्यंत गाडून ठेवल्यास. मे महिन्यात बाहेर माणूस भाजून निघायचा, पण बाटलीला हात लावला की गारवा बोटांना कळायचा. खोलीला कुलूप, चावी तुझ्या करगोट्याला. मला वाटलं, काय जीव लावलाय यानं! दर दुसऱ्या रविवारी, बाजार उरकून तू परत आलास की दुपारी बैठक. फोनवर तू म्हणायचास, "बेनं आलं हाय, येजो." भर दिवाळीतही बेणं आलं म्हणायचास. पेरणीशी त्याचा काही संबंध नव्हता.

पहिल्या बैठकीला तू फक्त वास घेत बसलास. तासभर. स्टीलचा छोटा पेला नाकाशी धरून. म्हणालास, "वाळल्या खुबानीचा वास येऊन राह्यला. अन मागून मधाचा. अन त्याच्याही मागून ओल्या पोत्याचा." मी मिलिंदनं दिलेली माहितीपुस्तिका काढली. त्यात जर्दाळू, मध आणि बुरशी, अगदी त्याच क्रमानं छापलेलं होतं. भाजीवाल्याचं नाक होतं तुझं. तेव्हा मला तुझा हेवा वाटला, आजही वाटतो.

बुरशीचं वाचून दाखवलं तेव्हा तू केवढा हसलास. म्हणे द्राक्षांवर मुद्दाम एक बुरशी येऊ देतात, ती पाणी शोषून घेते, उरलेला रस पाकासारखा होतो. "बुरशी लागलेला माल मी उद्या बजारात नेला त लोकं टोपलं माह्या डोक्यावर उलटं करतीन," तू म्हणालास. "अन हे लोकं त्याचं सरबत करून मिरवून राह्यले!" त्याच पुस्तिकेत पुढे होतं की जाणकार घोट चाखून थुंकतात. तू चटकन मान वर केलीस. "खरंच लिवलं हाय? वाच बरं परत." मी परत वाचलं. "मंग आपनबी थुंकू," म्हणालास आणि उठून चुलीतली राख डब्यात भरून आणलीस.

ती पळवाट मीच तुला वाचून दाखवली होती, पुंड्या. मोठ्यानं, दोनदा.

मला थुंकणं जमलं नाही. एवढं अमृत राखेत टाकायचं? मी गिळायचो, तू थुंकायचास. आणि आपण वही केली. रंग, वास, चव, शेवट. शेवट म्हणजे घोट गेल्यावर तोंडात चव किती वेळ राहते ते, आकडे मोजून. नाशिकची, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, तिचा शेवट आठ-नऊ. जर्मनीची, थंडीत वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांची, तिचा पंधरा. सोतर्नच्या दोन वेगवेगळ्या सालांच्या बाटल्या एकदा एकत्र आल्या तर तू त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं ठेवलीस, घरच्या सुनांसारखी. धाकटी तोंडात शिरताच खूप बोलते, म्हणालास, आणि थोरली बसून राहते, पण घर तिच्यावर चालते. मी धाकटीच्या बाजूचा. त्यावर आपण तीन रविवार भांडलो.

पोर्तुगालची पोर्ट आली तेव्हा मात्र तू पेला नाकाशी नेलास आणि खाली ठेवलास. "याच्यात वरून टाकली हाय," एवढंच म्हणालास. बरोबर होतं, त्या वाईनमध्ये वरून स्पिरिट घालतात. मी चिडवलं, "काऊन बे, भेलास?" तू उठून वांग्यांना पाणी सोडायला गेलास. तुझे वडील हातभट्टीनं गेले हे मला ठाऊक होतं, अख्ख्या आंजीला ठाऊक होतं. मला वाटायचं, त्या भीतीवर मात करून हा गडी माझ्याबरोबर बसतो. केवढा मोठा माणूस! असं काय काय मला वाटायचं.

आणि आपलं ते मोठं भांडण, जे शेवटच्या रविवारपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, वाईनचा शेवट घशात असतो. गिळल्याशिवाय तो कळत नाही. घसा गरम होतो, मग वास आतून नाकाकडे वर येतो, खरी चव ती. तू म्हणायचास, "घसा म्हंजे नुसती नाली. नालीले काय चव कयते? जे हाय ते तोंडातच हाय." मी तुला शरीरशास्त्र समजावलं, आकृती काढून दाखवली. तू हट्टानं शेवटाच्या रकान्यात तुझा वेगळा आकडा लिहीत राहिलास. बारा वर्षं. माझे आकडे आणि तुझे आकडे शेजारी शेजारी.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी गजाननानं, तुझ्या धाकट्या भावानं, आल्याचं बेणं बघायला रांजणात हात घातला आणि हाताला बाटलीची मान लागली. सात निघाल्या. दुपारपर्यंत आंजीभर झालं. पुंडलिकभाऊ घेत होते. बापाचं रक्त शेवटी. ज्याच्या आईनं बायकांना घेऊन भट्ट्या फोडल्या, त्याच्या खोलीत सात बाटल्या.

तुझ्या बायकोनं, कांतावहिनीनं मला आठव्या दिवशी बोलावलं. स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, चहा दिला आणि सरळ म्हणाली, "भाऊजी, तेरवीले सारे येतीन. तुमीच सांगा लोकायले. त्यायनं कधी घशाखाली उतरू देली नाई."

मला वाटलं, बिचारीला माहीत नाही. मी म्हणालो, "वहिनी, आम्ही दोघं..."

"मले सारं मालूम हाय," ती म्हणाली. "तुमी पेत होते. थे थुंकत होते."

मग तिनं जे सांगितलं ते तू मला पन्नास वर्षांत सांगितलं नाहीस. तुझे वडील गेले तेव्हा, सोळा वर्षांच्या तुला, तुझ्या आईनं पवनारला धाम नदीच्या पाण्यात उभं केलं. राख नुकतीच वाहून गेली होती. ओंजळीत पाणी घेऊन म्हणायला लावलं, दारूचा एक थेंब घशाखाली उतरू देणार नाही. मी त्या वेळी नागपूरला होतो, कॉलेजात. परत आलो तेव्हा तू बोलला नाहीस. नंतरही नाहीस. घशाखाली! आईच्या तोंडचा तोच शब्द धरून तू बारा वर्षं माझ्याशी वाद घातलास. घसा म्हणजे नाली म्हणे! तुझा तो शास्त्रीय मुद्दा शपथेची पळवाट होता आणि मी येडा आकृत्या काढत बसलो होतो.

मी विचारलं, "मग तो बसायचा कशाला माझ्याबरोबर?"

वहिनी चुलीकडे बघत म्हणाली, "तुमी पयली बाटली दार लावून एकट्यानं संपोली म्हने. त्यायचा बापबी तसाच, दार लावून पे. थे म्हने, मध्या एकटा बसला त हातचा जाईन. म्हनून बाटल्या इकडं आनल्या. घरी आले का सारं सांगे मले. मध्यानं आज तीन घेतले. आज दोनच घेतले. आज हासला. आज उगीमुगी होता."

चहा तसाच राहिला. मी उठलो.

तुला कळतंय का तू काय केलंस? जी गोष्ट मी अख्ख्या वर्ध्यापासून लपवली, ती तू दर रविवारी संध्याकाळी घरी जाऊन वाचून दाखवायचास, दवाखान्यातल्या रोग्याचा ताप सांगावा तशी. मला वाटत होतं आपण दोन रसिक बसलो आहोत, फ्रान्स आणि जर्मनी आंजीच्या मळ्यात उतरवतो आहोत. आणि तू माझे घोट मोजत होतास. करगोट्याची चावी बाटल्यांसाठी नव्हतीच, माझ्यासाठी होती. आणि वाईट म्हणजे मी एकटाच पीत होतो, पुंड्या. बारा वर्षं. समोर माणूस बसवून एकटाच. सोबतीनं पाप केलं की त्याचं ओझं अर्धं वाटतं. तुझ्या वाट्याचं अर्धं तू राखेत टाकलंस आणि धुतल्या तांदळासारखा घरी गेलास. माझ्या वाट्याचं मात्र पोटात गेलं.

हो, उपकारही कळतात. कळतच नाहीत असं नाही. ती पहिली बाटली मी खरंच एका दमात संपवली असती, दोन दुपारी लागल्या कारण मधे शैलाचा भाऊ आला होता. पुढच्या दोन्ही घरी राहिल्या असत्या तर त्यांचं काय झालं असतं ते मला सांगता येत नाही. पण मित्रानं तोंडावर सांगावं ना! "मध्या, तू दारुड्या होशील, मले भेव वाटते," एवढं म्हणायचं. मी भांडलो असतो, महिनाभर बोललो नसतो, पण तो मित्राचा मामला झाला असता. तू मला पेशंट केलंस.

आंजीहून बसनं आलो तो रागातच आलो. घरी येऊन, मळ्यातल्या खोलीतून उचलून आणलेली वही काढली, फाडायलाच. फाडण्याआधी वाचली, म्हाताऱ्या मास्तराची खोड. शेवटाचा रकाना बघत गेलो. माझे आकडे, तुझे आकडे. तुझा नेहमी माझ्यापेक्षा कमी. पंधराला अकरा, नऊला सहा. साहजिक आहे. ज्यानं गिळलंच नाही त्याला काय कळणार, मी मनात म्हटलं. बारा वर्षांच्या वहीत तू शेवटावर दिलेला प्रत्येक गुण अर्धवट. मला खरोखर बरं वाटलं. भांडण मी जिंकलो होतो.

मग एका पानावर थांबलो.

शैला गेली त्याला चार वर्षं झाली. तिच्या दिवसांचं सगळं उरकल्यावर, पाहुणे गेल्यावर, तू भर दुपारी वर्ध्याला आलास. कोथिंबिरीच्या पोत्यात हंगेरीची ती बाटली होती, आपण चांगल्या दिवसासाठी ठेवलेली. वाईट दिवसाला काढलीस. वही पण बरोबर आणलीस, मला कामाला लावायला. स्वयंपाकघरात शैलाच्या जागेवर तिचा पाट भिंतीला टेकवलेला होता. आपण खाली बसलो. तू घोट घेतलास, डोळे मिटलेस, गालात फिरवायला लागलास. घोट तोंडात असताना तू कधी बोलायचा नाहीस, बोलताच यायचं नाही. आणि तेवढ्यात मला रडू फुटलं. बारा दिवसांत न फुटलेलं. हुंदक्यांनी पेला सांडला. मी पाटाकडे बघून काहीतरी बरळत होतो, आता मले कोन बोलवन जेवाले, असं काहीतरी.

राखेचा डबा आंजीला होता. मोरी चार पावलांवर होती. तू उठला नाहीस. तू गिळलंस आणि म्हणालास, "मी हाय ना बे."

त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी होतं, मी काही बघितलं नाही असंच मला आजवर वाटत होतं. पण तुझ्या गळ्याचा घाटा वर-खाली झालेला मला दिसला होता, पुंड्या. मी तो बघितला होता आणि तो काय आहे ते मला माहीत नव्हतं. वहीत त्या दिवशीच्या पानावर माझं काहीच नाही. तुझं आहे. रंग, वास, चव, सगळं नीट लिहिलेलं. शेवटाच्या रकान्यात आकडा नाही. तिथे तुझ्या वाकड्या अक्षरात आहे, "तू म्हनतो थेच खरं हाय." दुःखातल्या माणसाचं मन राखायला लिहिलं असेल, असं समजून मी ते कधी मनावर घेतलं नाही. पुढच्या रविवारी तू पुन्हा डबा घेऊन बसलास आणि पुन्हा घशाला नाली म्हणालास.

तेरवीला जेवणं आटोपल्यावर मंडपात माणसं पान खात बसली होती. वहिनीच्या भावानं विषय काढलाच. "भाऊ निर्व्यसनी होते म्हनते लोकं. मंग रांजनात काय होतं?" कुणीतरी हसलं. मी उभा राहिलो. सदतीस वर्षं वर्गात बोललेली भाषा ऐन वेळी कुठे गेली कोण जाणे. "थ्या बाटल्या माह्या हायेत," मी म्हणालो. "माह्या पोरानं आनल्या, म्या पेल्या. पुंडलिक माह्यासोबत बसे, पन घेत नोता." माझ्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी, आता तिथल्या शाळेवर मास्तर आहे, त्यानं मान खाली घातली. आता आठवडाभरात वर्ध्यातही होईल, सर पितात म्हणून. तुझ्या फोटोला मोगऱ्याचा हार आणि माझ्या नावाला हे. याचाही राग आहेच, लिहून ठेवतो.

मग कांतावहिनी दारात येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर घट्ट धरलेला. सगळं माहीत असलेली बाई, तरी तिनं विचारलं. "एकदाबी नाई ना भाऊजी?"

तिचा चेहरा बघून मला कळलं. दर रविवारी तू तिला सगळं सांगायचास. माझे तीन घोट, माझे दोन घोट, माझं हसणं, माझं उगीमुगी बसणं. त्या दुपारचं सांगितलं नव्हतंस.

"एक थेंबही नाई, वहिनी," मी म्हणालो.

त्या दुपारचं पान मी वहीतून काढून घेतलंय. वही उद्या तिला देईन, तिला तुझं अक्षर हवं आहे. ते पान माझ्याकडे राहील. तू तिला सांगितलं नाहीस, मीही सांगणार नाही.